साथीचं गणित (६) : उंदीर पडले, गाव रानात

गेल्या आठवड्यात आपण माणसांचे तीन गट पाडले : लागण होऊ शकेल असे, लागण झालेले आणि बरे होऊन किंवा मरून त्यातून सुटलेले. ही मांडणी केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांची, १९२७ सालची. ती पडताळायला त्यांनी आकडे घेतले ते आपल्या मुंबईतल्या प्लेगचे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले. आठवड्याचे मृत्यू चढत चढत नऊशेच्या घरात गेले आणि मग उतरले. समीकरणातून निघालेली रेघ त्यावर इतकी चपखल बसली की ती आजही पाठ्यपुस्तकांत छापतात.

माझा त्या रेघेवर फारसा भरवसा नाही. समीकरण म्हणतं, साथ ओसरली कारण लागण व्हायला पुरेशी माणसं उरली नाहीत. पण जवळपास दहा लाखांच्या शहरात त्या हंगामात मेले सुमारे नऊ हजार. प्लेग झालेल्यांतले बरेचसे दगावतच, म्हणजे रोग न झालेले लाखो लोक शिल्लक होते! ऊन तापलं की उंदरांवरच्या पिसवा कमी होतात, हे एक. शिवाय माणसं काही जागच्या जागी बसून राहत नव्हती. १८९६च्या साथीत जवळपास निम्मी मुंबई गावाकडे पळाली आणि प्लेगही तिच्याबरोबर निघाला.

गावाकडे काय व्हायचं, ते पाहा. कडेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात होतं. या मुलखात घरात उंदीर पडू लागले की लोक दाणागोटा, भांडीकुंडी, गुरंवासरं घेऊन रानात झोपड्या टाकत. उंदीर माणसांच्या आधी मरत, त्यामुळे हा इशारा खरा असे. समीकरणात संपर्काचा आकडा एकदा ठरला की ठरला. इथे मेलेला उंदीर दिसला की तो बदलायचा.

हे गणितात आणायला बराच उशीर झाला. इटलीत बारी शहरात १९७३ साली कॉलरा आला. त्यानंतर १९७८मध्ये कपासो आणि सेरियो यांनी रुग्ण वाढले की लोक सावध होतात आणि लागणीचा जोर मंदावतो, हे समीकरणात घातलं. पुढच्या मांडण्यांत रोग आणि धास्ती अशा दोन साथी एकाच वेळी पसरतात. कडेगाव, खानापूर, आटपाडीला हे वेगळं सांगायला नको. इथले गलाईवाले देशभर पसरलेले. सोनं-चांदी गाळणाऱ्या त्या दुकानांतून २०२०मध्ये कोरोनाची धास्ती मोबाइलवरून आली, रोग मागून आला.

त्या वर्षी मोहरमला कडेगावच्या उंच ताबुतांच्या भेटी झाल्या नाहीत. एरवी एकेका ताबुताखाली खांद्याला खांदा लागतो आणि सारं गाव चौकात लोटतं; वर्षाची सरासरी काढणाऱ्या मांडणीला असा एक दिवस दिसतच नाही. पण धास्तीही विरते. किती दिवसांत विरते, हा आकडा मांडणीत घालावाच लागतो, आणि तो मोजायला सगळ्यांत अवघड. २०२१च्या दुसऱ्या लाटेआधी आपण सगळेच पुन्हा लग्नांच्या पंगतीत बसलो होतो.

पुढच्या आठवड्यात लस : शेजाऱ्याने टोचून घेतली की आपल्याला कशाला, हा हिशेब.