हरणाऱ्याच्या हाती काय?

अंगोलात २९ आणि ३० सप्टेंबर १९९२ रोजी देशाच्या इतिहासातली पहिली बहुपक्षीय निवडणूक झाली. सोळा वर्षांच्या यादवीनंतर सुरुंग पेरलेल्या त्या मुलखात सुमारे ४८ लाख लोकांनी मतदार म्हणून नाव नोंदवले आणि त्यांतल्या ९१ टक्क्यांहून अधिकांनी मत दिले. काही त्रुटी मान्य करूनही ही निवडणूक एकंदरीत मुक्त आणि न्याय्य झाल्याचा निर्वाळा संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधी मार्गारेट ॲन्स्टी यांनी दिला. अध्यक्ष जोझे एदुआर्दो दोस सांतोस यांना ४९.५७ टक्के, तर उनिता या बंडखोर संघटनेचे नेते जोनास साविंबी यांना ४०.०७ टक्के मते पडली. निम्म्याहून अधिक मते कुणालाच नसल्याने दुसरी फेरी व्हायची होती. ती कधीच झाली नाही. अधिकृत निकाल लागण्याआधीच साविंबींनी गैरप्रकाराचा आरोप केला आणि त्यांचे सेनाधिकारी नव्या संयुक्त सैन्यातून बाहेर पडले. ऑक्टोबरच्या अखेरीस राजधानी लुआंडात रस्त्यारस्त्यांवर लढाई पेटली. तीत उनिताचे उपाध्यक्ष जेरेमियास शितुंडा मारले गेले. पुढच्या वर्षी लढाई, उपासमार आणि रोगराईने अंगोलात दररोज हजार माणसे मरत असल्याचा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता. युद्ध थांबले ते साविंबी फेब्रुवारी २००२ मध्ये मारले गेल्यावरच.

लुआंडात मतमोजणी चालू असतानाच, ४ ऑक्टोबर १९९२ रोजी, मोझांबिकच्या यादवीवर रोममध्ये तह झाला. दोन्ही देश पोर्तुगालच्या एकाच साम्राज्यात भरडलेले. त्या साम्राज्याची आपल्यालाही चांगलीच ओळख आहे, कारण गोवा मुक्त झाला त्याच १९६१ साली अंगोलात पोर्तुगीजांविरुद्ध सशस्त्र लढा सुरू झाला होता. १९७५ मध्ये दोन्ही देश स्वतंत्र झाले, दोन्हीकडे डाव्या विचारांचा पक्ष सत्तेवर आला आणि दोन्हीकडे त्याच्याविरुद्ध परकीय पाठबळाचे बंड झाले. मोझांबिकमध्ये ऑक्टोबर १९९४ मध्ये मतदान झाले. तिथेही बंडखोर नेता हरला, तिथेही त्याने गैरप्रकाराचा आरोप केला. पण त्याचा पक्ष संसदेतला मुख्य विरोधी पक्ष झाला आणि देशात जवळजवळ दोन दशके शांतता टिकली. या दोन निवडणुका शेजारी ठेवून पाहिल्या की माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट दिसते. यादवीतून उठणाऱ्या देशातली निवडणूक जिंकणाऱ्यापेक्षा हरणाऱ्याचा विचार करून आखावी लागते. त्याच्या परतीच्या वाटेचे दोर मतदानाआधी कापलेले हवेत आणि त्याच वेळी त्याला पुढे जायला वाट मोकळी हवी. यातले एकच केले तर भागत नाही.

अंगोलात यातले पहिले काम कागदावर होते. मे १९९१ च्या बिसेस शांतता करारानुसार दोन्ही बाजूंच्या सैनिकांना छावण्यांत गोळा करायचे, शस्त्रे जमा करायची, बहुतेकांना घरी पाठवायचे आणि उरलेल्यांतून पन्नास हजारांचे एक सैन्य उभारायचे होते. या सगळ्याला मिळाले जेमतेम सोळा महिने. महाराष्ट्राच्या चौपट क्षेत्रफळाच्या त्या देशात संयुक्त राष्ट्रांचे लष्करी निरीक्षक होते साडेतीनशे, आणि त्यांना अधिकार होता फक्त पाहण्याचा. निवडणुकीची तारीख मात्र दगडावरची रेघ ठरली. दोन जुनी सैन्ये २७ सप्टेंबरला, म्हणजे मतदानाच्या दोन दिवस आधी, विसर्जित झाल्याचे जाहीर करण्यात आले. प्रत्यक्षात नव्या सैन्यात काही हजारच लोक आले होते आणि उनिताची लढाऊ फौज बरीचशी शाबूत होती. मग हरल्यावर साविंबींपुढे काय होते? संसदेतल्या २२० पैकी ७० जागा, सगळी सत्ता ज्याच्या हाती एकवटली आहे असा शत्रू अध्यक्षपदी, आणि पाठीशी सैन्य. त्यांनी सैन्य निवडले.

मोझांबिकला हा धडा ताजा ताजा मिळाला. तिथे संयुक्त राष्ट्रांनी सहा हजारांहून अधिक सैनिक पाठवले, त्यांत भारतीय तुकड्याही होत्या. मतदान मुळात ऑक्टोबर १९९३ मध्ये व्हायचे होते. सैनिक छावण्यांत आलेले नाहीत हे दिसताच ते सरळ वर्षभर पुढे ढकलले गेले. मला सर्वांत बोलकी वाटते ती सैनिकांना घरी पाठवण्याची रीत. सेवामुक्त सैनिकाला साधे कपडे आणि गावापर्यंतचा प्रवास मिळे. सहा महिन्यांचा पगार सरकार देई, त्यापुढे आणखी दीड वर्ष देणगीदार देशांच्या पैशातून भत्ता मिळे. आणि तो उचलायचा त्याने निवडलेल्या जिल्ह्यातल्या बँकेच्या शाखेत. म्हणजे दोन वर्षे माणूस आपल्या गावाशी आणि तिथल्या बँकेच्या खिडकीशी बांधला गेला. तेवढ्यात शेताचा एखाददुसरा हंगाम हाती लागतो, लग्न होते, आणि सेनापतीची हाक आली तरी पाय निघत नाही. १९९४ च्या मध्यावर अनेक छावण्यांत सैनिकांनीच दंगे केले, ते लवकर घरी सोडा म्हणून. तीस हजारांचे नवे सैन्य ठरले होते, त्याला जेमतेम बारा हजार मिळाले. मतदानाच्या आदल्या रात्री रेनामो या बंडखोर संघटनेचे नेते अफोन्सो ध्लाकामा यांनी बहिष्कार जाहीर केला खरा. पण शेजारी देशांनी आणि संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी आल्दो आयेलो यांनी तक्रारींची चौकशी करण्याचा शब्द दिल्यावर ते परत आले आणि मतदान एक दिवस वाढवण्यात आले. त्या रात्री रुसून जाण्यासाठी त्यांच्याकडे अरण्य होते, फौज उरली नव्हती. आणि राहण्यासारखेही काही होते: ३३.७ टक्के मते, संसदेच्या २५० पैकी ११२ जागा आणि बंडखोर संघटनेचा पक्ष करण्यासाठी मुख्यतः इटलीने भरलेला सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरचा निधी.

यावर पहिला आक्षेप असा, की फरक माणसांत होता. साविंबी कुठल्याही व्यवस्थेत लढलेच असते. तसे असेलही. त्यांच्याजवळ लुंडा भागातले हिरे होते, तर रेनामोचा पाठीराखा दक्षिण आफ्रिका तोवर बदलला होता आणि दुष्काळाने रेनामोचा मुलूख उपाशी होता. पण नेता हट्टी आणि धनवान असेल, तर त्याची फौज शाबूत ठेवून मतदान घेणे अधिकच धोक्याचे ठरते. स्वभावाला औषध नाही हे खरे धरले, तर बंदोबस्त व्यवस्थेनेच करायला हवा.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. रेनामोच्या माथी गावे जाळल्याचे, मुलांना पळवून सैनिक केल्याचे पाप होते. अशांना पक्षनिधी देणे म्हणजे हिंसेला बक्षीस देणे नव्हे काय? ज्यांची माणसे गेली त्यांनी हा प्रश्न विचारला तर त्यांना गप्प करण्याचा अधिकार कुणालाच नाही. तरीही माझे उत्तर असे, की ते पैसे मागच्या गुन्ह्यांची किंमत म्हणून दिलेले नव्हते. कचेरी, उमेदवार आणि प्रचार यांत बंडखोरांना गुंतवण्यासाठी होते. अंगोलात १९९३ साली मेलेल्या माणसांच्या तुलनेत ती रक्कम क्षुल्लक आहे. गुन्ह्यांचा न्याय टाळला गेला हा दोष उरतोच, आणि तो मी झाकत नाही.

तिसरा आक्षेप विलंबाचा. मतदान लांबवत गेले तर बिननिवडणुकीचे सत्ताधारी खुर्चीला चिकटतात. म्हणूनच शस्त्रे पूर्णपणे नष्ट होईपर्यंत थांबा असे माझे म्हणणे नाही. नेपाळने तसे केले नाही. तिथे दोनदा लांबलेले मतदान १० एप्रिल २००८ रोजी झाले, तेव्हा माओवाद्यांचे १९,६०२ सैनिक छावण्यांत होते. त्यांची शस्त्रे कंटेनरमध्ये कुलूपबंद होती, किल्ल्या त्यांच्याच नेत्यांकडे. वर संयुक्त राष्ट्रांचा पहारा आणि धोक्याचा भोंगा. नेपाळी सैन्यानेही तेवढीच शस्त्रे तशीच बंद करून ठेवली. ६०१ जणांच्या संविधान सभेत ३३५ जागा प्रमाणशीर मतांवर ठेवल्या, त्यामुळे कुणी साफ पुसला जाण्याची भीती कमी झाली. माओवादी पहिले आले, ही गोष्ट अर्थातच त्यांना सोयीची होती. खरी परीक्षा २०१३ मध्ये झाली. ते तिसऱ्या क्रमांकावर घसरले, धांदलीचा आरोप केला, मोजणीवर बहिष्कार टाकला आणि सुमारे महिन्याभराने सभागृहात बसायला तयार झाले. तोवर छावण्या रिकाम्या झाल्या होत्या.

हरणाऱ्याला दिलेली हमी एकदाच देऊन भागत नाही, हेही मोझांबिकनेच दाखवले. १९९४ मध्ये रेनामोला ज्या प्रांतांत सर्वाधिक मते होती, तिथेही राज्यपाल नेमले ते सत्ताधारी फ्रेलिमोचेच. १९९९ मध्ये ध्लाकामांना अधिकृत निकालानुसार ४७.७ टक्के मते मिळाली, तरी राजधानी मापुतोतल्या सरकारने काहीच वाटून दिले नाही. मागे ठेवलेल्या सशस्त्र पहारेकऱ्यांच्या जोरावर २०१३ मध्ये पुन्हा चकमकी सुरू झाल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये नवा करार झाला आणि रेनामोचा शेवटचा तळ बंद झाला तो जून २०२३ मध्ये, पहिल्या तहानंतर तीस वर्षांनी. दोर कापले होते, पण पुढची वाट सत्ताधाऱ्यांनी हळूहळू बुजवत नेली. दोष बंडखोरांइतकाच, माझ्या दृष्टीने थोडा अधिकच, त्यांचा आहे.

हरणाऱ्याचा हाच प्रश्न दक्षिण सुदानपुढे आहे. तिथे २०१८ च्या करारानुसार सरकारची आणि बंडखोरांची फौज एक करायची होती, ते काम रखडले. निवडणूक वारंवार लांबली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती डिसेंबर २०२६ वर ढकलली गेली. मधल्या काळात मार्च २०२५ मध्ये बंडखोरांचे नेते असलेले उपाध्यक्ष रीक माचार यांना नजरकैदेत टाकण्यात आले. तिथल्या शांतिसेनेत भारताचे जवान आहेत, म्हणजे चूक झाली तर गोळीच्या टप्प्यात आपलीही माणसे उभी असतील. तेव्हा मतदार याद्या आणि मतपत्रिका तयार आहेत का, एवढेच विचारून भारताने थांबू नये. फौजा एक झाल्या का आणि हरणाऱ्याला काय मिळणार, हे दोन प्रश्न त्याने संयुक्त राष्ट्रांत आधी विचारावेत, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावेत.