कांद्याला हवा लागते, मग माणसाला लागत नाही काय?

कांदा चाळ बांधताना आपण किती काळजी घेतो! दुपाखी चाळीचा कप्पा चार फुटांपेक्षा रुंद ठेवायचा नाही, तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचलायचा, खालून हवा खेळती राहिली पाहिजे. वैजापूर-कन्नडच्या कांदा उत्पादकाला हे तोंडपाठ आहे. कारण हवा कोंडली की कांदा सडतो आणि नुकसान लगेच डोळ्यांना दिसतं. पण त्याच चाळीशेजारी स्वतःचं घर बांधताना हा विचार कुठं जातो? भिंती चार, वर पत्रे आणि जमली तर एक खिडकी.

मे महिन्यात खरीपपूर्व बैठकीसाठी एका गावी गेलो होतो. भर दुपारी एका घरी पाणी प्यायला थांबलो. नवं पत्र्याचं घर मोकळंच होतं. घरची म्हातारी मागच्या जुन्या माळवदाच्या खोलीत बसलेली. म्हणलं, "आजी, नवं घर सोडून इथं कशाला?" ती म्हणाली, "तिथं चटके बसायलेत साहेब. पर रातच्याला इथं झोपायचं भ्या वाटतं. किल्लारीचं ऐकलंय नव्हं?"

दिवसा नवं घर नको, रात्री जुनं नको. आजीनं सांगितलेल्या या अडचणीवर आज काही मुलं-मुली आयुष्याची चार-पाच वर्षं घालून पीएच.डी. करतात. त्या अभ्यासाला 'सिम्युलेशन आणि वास्तुरचना' असं जड नाव आहे. पण तो आपल्या कामाचा आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जमीन हादरली. सुमारे आठ हजार माणसं गेली. पुढं ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

माणसं मेली ती घराखाली. गोलसर दगड मातीत रचून उभ्या केलेल्या जाड भिंती, बाहेरचा थर वेगळा आणि आतला वेगळा. दोन्ही थरांना धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. वर पांढऱ्या मातीचं माळवद, गळती नको म्हणून वर्षानुवर्षं माती टाकून जड झालेलं. भिंत फुगली की सगळा भार खाली. मात्र ज्या घरांत माळवदाचा भार लाकडी खांब-तुळयांनी पेललेला होता, तिथं भिंती पडूनही काही ठिकाणी छत उभं राहिलं. म्हणजे दोष मातीचा नव्हता, रचनेचा होता.

पण लोकांनी मातीचंच नाव टाकलं. सिमेंट आणि पत्रा आला. भूकंपाची भीती कमी झाली आणि उन्हाळा घरात येऊन बसला.

संगणकातला प्रात्यक्षिक प्लॉट

नवीन वाण आला तर आपण लगेच दहा एकरांत पेरत नाही. आधी अर्ध्या एकरात प्रात्यक्षिक घेतो. घराचं तसं करता येत नाही. गरिबाचं घर जन्मात एकदा होतं, चुकलं तर जन्मभर भोगायचं. म्हणून घराची 'ट्रायल' संगणकात घ्यायची. यालाच सिम्युलेशन म्हणतात.

संगणकाला भिंत किती जाड, कशाची, खिडकी कोणत्या दिशेला, छत कसलं, घरात माणसं किती हे सांगायचं. त्या भागाचं ऊन, वारा, दमटपणा भरायचा. मग वर्षाच्या ८,७६० तासांपैकी प्रत्येक तासाला खोलीत किती गरम होईल याचा हिशेब तो मांडून देतो. एनर्जीप्लस नावाची अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची अशी प्रणाली २००१ पासून फुकट मिळते. भूकंपासाठी वेगळी प्रणाली असते. तिच्यात तेच घर हलवून पाहता येतं आणि तडा आधी कुठं जाईल ते कळतं.

या हिशेबातून काय कळतं? पत्रा उन्हाबरोबरच तापतो, म्हणून दुपार सोसवत नाही. चार-पाच इंची स्लॅबमधून उष्णता काही तासांनी आत उतरते, म्हणून संध्याकाळनंतर पंखा गरम हवा फेकतो. दीड-दोन फुटी माती-दगडाच्या भिंतीतून तीच उष्णता आत यायला दहा-बारा तासांहून जास्त लागतात, म्हणून दुपारी गारवा. रात्री मात्र तिची ऊब आत येते, म्हणून आपले वाडवडील उन्हाळ्यात अंगणात नाहीतर माळवदावर झोपत. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे. भर उन्हाळ्यात तिथं थंड का वाटतं, हे आता ध्यानात येईल.

पीएच.डी. कशासाठी?

संगणक चालवणं म्हणजे पीएच.डी. नव्हे. चुकीची माहिती भरली तर उत्तरही चुकीचंच येणार. म्हणून अभ्यासक खऱ्या घरात कित्येक महिने तापमापक लावून ठेवतो. संगणकाचा आकडा आणि तापमापकाचा आकडा जुळेपर्यंत त्याला पुढं जाता येत नाही. खरा वेळ इथंच जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि साधारण कमाल सहा वर्षं मिळतात.

नागपूरची व्हीएनआयटी, रुरकी आणि खरगपूरची आयआयटी, अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ इथं वास्तुशास्त्राचं उच्च संशोधन होतं. सेप्टच्या अभ्यासकांनी वेगवेगळ्या हवामानाच्या शहरांत जाऊन, आपल्या माणसाला किती उष्णता सोसते हे लोकांनाच विचारलं. त्यातून बसवलेलं गणित २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत घेतलं गेलं. पण ती विचारपूस कार्यालयात बसणाऱ्यांची होती. दिवसभर कापूस वेचून पत्र्याखाली येणाऱ्या बाईला कुणी विचारायचं? आपल्या भागातल्या मुला-मुलींनी या अभ्यासात यावं ते याचसाठी. माळवदाखाली वाढलेल्या मुलीला जे ठाऊक आहे, ते परक्याला वर्षभर राहूनही कळणार नाही.

आपण काय करायचं?

घरकुलाचा नवा हप्ता आला की गावोगावी एकसारख्या खोल्या उभ्या राहतात. प्रधानमंत्री आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरचं घर आणि सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मूळ साहाय्य धरलेलं आहे. एवढ्यात जाड भिंत बसत नाही, हे मान्य. पण काही गोष्टींना खर्च नाही किंवा थोडाच आहे.

खिडक्या समोरासमोर ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला पडवी नाहीतर झाडाची सावली द्या. स्लॅबवर उन्हाळ्याआधी पांढऱ्या चुन्याचा हात मारा. पत्राच असेल तर खाली थोडी जागा सोडून दुसरं छत घ्या, मधल्या हवेला बाहेर जायला वाट ठेवा. दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना बांधणारा लोखंड-सिमेंटचा पट्टा पैसे वाचवायला म्हणून गाळू नका, भूकंपात तोच घर धरून ठेवतो. जुन्या माळवदावर नवी माती टाकण्याआधी जुना थर उतरवून ओझं कमी करा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक विनंती. कुणी अभ्यासक तापमापक घेऊन गावात आला तर त्याला दारातून परत पाठवू नका, खरी माहिती द्या. पण अभ्यास झाल्यावर निष्कर्ष मराठीत, ग्रामसभेत सांगायचा, ही अट आधीच घाला. नाहीतर प्रबंध कपाटात राहतो आणि घर आपलं तापतच राहतं.

त्या आजीनं काही महाल मागितला नव्हता. दुपारी बसता यावं आणि रात्री बिनघोर झोपता यावं, असं एकच घर तिला पाहिजे होतं. कांद्यासाठी आपण एवढं करतो, तेवढं तिच्यासाठी करायला काय हरकत आहे?