भुकेच्या पोटी लठ्ठपणा

मराठीत 'तब्येत सुधारली' असे म्हटले की वजन वाढले, एवढाच अर्थ ऐकणारा घेतो. मूल बाळसे धरते, सासरी गेलेली मुलगी अंग धरते, नवरदेव खात्यापित्या घरचा दिसतो आणि चाळिशीत माणसाचे पोट 'सुटते', जणू तोवर ते कुठे बांधून ठेवले होते. या शब्दांमागे दुष्काळाची आठवण आहे. पाऊस दर काही वर्षांनी दगा देणाऱ्या मुलखात अंगावरचे मांस ही घरात दाणे असल्याची खूण होती. चरकसंहिता मात्र या बाबतीत सावध आहे. तिच्या सूत्रस्थानातल्या एकविसाव्या अध्यायात आठ निंदित देह सांगितले आहेत. त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश असे दोन्ही येतात, आणि या दोघांत कृशपणा बरा, असा निर्वाळाही तिथे दिलेला आहे.

दोन पिढ्यांपूर्वी जिथे पोटभर अन्नाची खात्री नव्हती, त्या आपल्या गावांत आज मधुमेह, रक्तदाब आणि सुटलेली पोटे कुठून आली? 'खाणे वाढले, कष्ट कमी झाले' हे नेहमीचे उत्तर. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे उत्तर आपल्या पुणे जिल्ह्यातल्याच खेड्यांनी जगाला दिले. या लेखात ते सांगायचे आहे.

आधी मोजमाप पाहू. आरोग्याला बाधा येईल इतका चरबीचा साठा म्हणजे लठ्ठपणा. तो अंदाजण्याची सोपी रीत अशी : किलोग्रॅममधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. 160 सेंटीमीटर उंचीच्या आणि 64 किलो वजनाच्या स्त्रीचा आकडा बरोबर 25 येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण मापाप्रमाणे 25 पासून वजन जादा आणि 30 पासून लठ्ठपणा. भारतीय तज्ज्ञांनी 2009 साली आपल्यासाठी या रेषा खाली आणल्या : 23 पासून जादा वजन, 25 पासून लठ्ठपणा. कमरेच्या घेरासाठी पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 80 सेंटीमीटर ही मर्यादा ठरली. भारतीय माणसासाठी ही वेगळी पट्टी कशाला, असे कोणीही विचारील.

त्याचे उत्तर एका छायाचित्रात आहे. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. एक लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. वर सांगितलेला आकडा दोघांचाही 22.3, म्हणजे तराजूच्या दृष्टीने दोघे सारखेच सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. वरून बारीक आणि आतून चरबीदार असा हा देह. वजनकाटा त्याला पकडू शकत नाही.

हा देह कधी घडतो, याचा शोध केईएमच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत घेतला. लग्न झालेल्या तरुण स्त्रियांची मोजमापे गरोदर राहण्याआधीपासून नोंदवली गेली आणि पुढे त्यांच्या मुलांचाही वर्षानुवर्षे मागोवा ठेवला गेला. या आयांचे सरासरी वजन होते 42 किलो आणि उंची 152 सेंटीमीटर. घरकाम, पाणी, शेतातले काम हे सारे गरोदरपणातही चालूच. त्यांची बाळे सरासरी 2.7 किलोची होती. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी त्यांची तुलना केली. ती होती 3.5 किलोची. आपली बाळे जवळपास सगळ्याच मापांत लहान होती : स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. फक्त एका ठिकाणी फरक फार कमी होता. खांद्याच्या फऱ्याखालची, म्हणजे धडावरची चरबी त्यांनी बऱ्यापैकी राखली होती. लठ्ठपणाकडे कल असलेला देह असा जन्मतःच, तोही 2.7 किलोच्या बाळात दिसला.

गर्भाचे हे गणित समजण्यासारखे आहे. आईकडून रसद कमी आली की गर्भ काटकसर करतो. मेंदूला तो आधी पोसतो. कात्री लावतो ती स्नायू, यकृत, मूत्रपिंड आणि स्वादुपिंड यांना. हेल्स आणि बार्कर या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1992 साली या काटकसरी घडणीची कल्पना मांडली. जन्मानंतरही उपासमारच वाट्याला आली तर ही घडण उपयोगी ठरते. सुबत्ता आली तर तीच अंगावर उलटते. रक्तातली साखर वापरणारे मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायू, आणि तेच कमी असतात. इन्शुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडाचे भांडवलही तुटपुंजे असते.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये मोठी उपासमार झाली. त्या काळात गर्भात असलेल्या मुलग्यांची एकोणिसाव्या वर्षी लष्करी भरतीत तपासणी झाली होती. सुमारे तीन लाख तरुणांच्या या नोंदींचा अभ्यास 1976 साली प्रसिद्ध झाला. गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात ज्यांच्या आया उपाशी होत्या, त्या मुलांत लठ्ठपणा अधिक होता. ज्यांची उपासमार गर्भारपणाच्या अखेरीस किंवा जन्मानंतर लगेच झाली, त्यांच्यात तो उलट कमी होता. म्हणजे भूक किती, याइतकेच ती कधी, यालाही महत्त्व आहे.

पुण्याच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. आईने एकूण किती कॅलरी आणि किती प्रथिने घेतली यापेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध तिच्या पोटात किती वेळा गेले, याचा बाळाच्या आकाराशी अधिक संबंध होता. शिवाय या स्त्रियांत ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास होती. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मटण अशा प्राणिज अन्नातूनच मिळते. ज्या आयांमध्ये ब-12 कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांचे शरीर सहाव्या वर्षीच इन्शुलिनला कमी दाद देऊ लागले होते. पुढे हीच मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा 37 टक्के मुलग्यांत आणि 18 टक्के मुलींत रक्तातली साखर मर्यादेबाहेर सापडली. त्यांतली जवळपास निम्मी मुले वजनाने कमीच होती. लठ्ठपणाचे दुष्परिणाम लठ्ठपणाच्या आधीच येऊन बसले होते.

आता आपल्या जुन्नर-आंबेगावकडे पाहू. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आया आणि कामावर मिळणारी सुकडी, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी हे सगळे घरोघरच्या आठवणीत आहे. त्या सुमारास जन्मलेली माझी पिढी आज पन्नाशीत आहे. आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत मुलूख बदलला. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगा आणि डिंभे ही धरणे झाली, कालवे आले. ओतूर ते आळेफाटा या पट्ट्यात, आमच्या पिंपरी पेंढारच्या शिवारातही, ऊस, टोमॅटो, कांदा, द्राक्षे उभी राहिली. मोट गेली, विजेचा पंप आला. जाते गेले, गिरणी आली. बैल गेले, ट्रॅक्टर आला. आणि वस्तीवरून फाट्यापर्यंत जायलाही मोटारसायकल लागू लागली. उपाशी गर्भात घडलेल्या देहांना एका पिढीत सुबत्ता भेटली. एका माणसाच्या पोटाचा हिशेब त्याच्या जन्मसालावरून मांडता येणार नाही. पण एका अख्ख्या पिढीला वाढत्या वयात ही अदलाबदल सोसावी लागली, हे ध्यानात घ्यायला हवे.

ताटही बदलले. बाजरीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी, सणावाराची मासवडी चावून खावी लागे, पोटात वेळ काढी. आज दिवसाची सुरुवात गोड चहा-बिस्किटाने होते. चहाच्या एका कपात दोन चमचे साखर धरली तर चाळीसेक किलोकॅलरी. पाच कपांत दोनशे, त्याही भूक न भागवता. 100 ग्रॅम ग्लुकोज बिस्किटांत साडेचारशेच्या आसपास. कारखान्यात तयार झालेल्या अशा अन्नाची परीक्षा अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी 2019 साली घेतली. वीस माणसांना दोन आठवडे कारखानी अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तितके खाऊ दिले. दोन्ही ताटांत साखर, चरबी, मीठ, चोथा सारख्याच प्रमाणात वाढलेले होते. तरी कारखानी अन्नाच्या दिवसांत माणसे रोज सुमारे 500 किलोकॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत सरासरी 0.9 किलोने वाढली. त्यांना कोणी आग्रह केला नव्हता. ते अन्नच भराभर पोटात उतरणारे होते.

हा जादा साठा शरीराला अपाय कसा करतो? घरातल्या कणगीची कल्पना करा. कातडीखालची चरबी ही आपली कणगी. ती मोठी असेल तर जादा धान्य तिथे सुरक्षित राहते. कणगी लहान असेल तर ते ओसंडून माजघरात, देवघरात, वाटेत सांडते. आपली कणगी लवकर भरते, मग चरबी यकृतात, स्वादुपिंडात, स्नायूंत आणि आतड्यांभोवती जाऊन बसते. चरबीने भरलेले यकृत इन्शुलिनचे ऐकत नाही, उपाशीपोटीही साखर सोडत राहते. पुढे त्याला सूज येते आणि काहींच्या बाबतीत ते निबर होते. रक्तातले ट्रायग्लिसराइड वाढतात, रक्तवाहिन्या चोंदतात, रक्तदाब चढतो, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. गळ्याभोवतीच्या चरबीने झोपेत श्वास अडकतो; घोरणारा माणूस गाढ झोपला आहे असे घरच्यांना वाटते, प्रत्यक्षात त्याला रात्रभर नीट झोप नसते. गुडघ्यांवर भार पडतो. मुलींची पाळी अनियमित होते, गर्भधारणा लांबते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 साली तेरा प्रकारच्या कर्करोगांशी जादा चरबीचा संबंध मान्य केला. त्यांत पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा, गर्भाशयाचा आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग येतो.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत वजनाच्या मापाने 28.6 टक्के प्रौढ लठ्ठ निघाले, पण कमरेच्या मापाने 39.5 टक्के. या दोन आकड्यांतली तफावत म्हणजे तराजूने सोडून दिलेली माणसे. आणि याच काळात महाराष्ट्रात, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, 20.8 टक्के स्त्रिया कमी वजनाच्या तर 23.4 टक्के जादा वजनाच्या होत्या. कुपोषण संपले आणि मग लठ्ठपणा आला, असा क्रम नाही. दोन्ही एकाच गावात, कधी एकाच घरात नांदतात.

म्हणून लठ्ठ माणसाला 'तोंडावर ताबा नाही' असे हिणवणे अन्यायाचे आहे. भुकेची दोरी मेंदूत आहे. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक सोडून साठ्याची खबर मेंदूला देतात, हे 1994 साली कळले. वजन घटू लागले की ही खबर कमी पोहोचते. मेंदूला दुष्काळ पडल्यासारखे वाटते, भूक वाढते आणि शरीर खर्चात काटकसर करते. कमी केलेले वजन परत येते ते यामुळे. नव्या महागड्या इंजेक्शनांनी उतरलेले वजनही ती थांबवल्यावर बहुधा परत चढते. तरी प्रयत्न वाया जात नाहीत. वजनात पाच ते दहा टक्के घट झाली तरी साखर, रक्तदाब आणि यकृत सुधारते. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत आहाराच्या शिस्तीने मधुमेहाच्या जवळपास निम्म्या रुग्णांचा आजार वर्षभरात औषधाविना आटोक्यात आला.

सल्ला देतानाही गाव पाहावे लागते. 'पहाटे फिरायला जा' हे शहरात सोपे आहे. आमच्याकडे उसाच्या कडेने अंधारात चालणे म्हणजे बिबट्याशी गाठ. त्यापेक्षा दिवसाउजेडी, चारचौघांनी मिळून, शाळेच्या मैदानावर चालणे बरे. घरात वजनकाटा नसला तरी शिंप्याची टेप असते. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक भरला तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा.

पण सर्वांत मोठा उपाय स्वयंपाकघरात आहे, आणि तो लठ्ठ माणसाच्या ताटातला नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी तरुण स्त्रियांना गरोदर राहण्याआधीपासून रोज पालेभाज्या, फळे आणि दूध घातलेला खाऊ दिला. बाळांच्या वजनात पडलेला फरक लहान होता. पण गरोदरपणातल्या मधुमेहाचे प्रमाण 12.4 वरून 7.3 टक्क्यांवर आले. एवढे घडले ते मूठभर खाऊने. आपल्या घरांत अजूनही सगळ्यांची पाने उठल्यावर सून जेवायला बसते. दूध डेअरीला जाते, अंडे मुलाच्या ताटात पडते, आणि तिच्या वाट्याला भाकरी व तळाची आमटी उरते. आज पंधरा वर्षांची असलेली मुलगी दहाएक वर्षांनी आई होईल. तिच्या बाळाची कंबर 2070 च्या सुमारास कोणीतरी डॉक्टर मोजेल. ते माप आज तिच्या ताटात पडणाऱ्या दुधा-अंड्यावर आणि मेथी-पालकावरही ठरते आहे.