मुलांचे वजन आणि उंची : काळजी कशाची करावी?

"बाई, ह्याचे खाल्लेले अंगालाच लागत नाही हो!" पालकसभेत हे वाक्य ऐकले नाही असे एकही वर्ष माझ्या नोकरीत गेलेले नाही. प्रगतिपुस्तकावर सही झाली, की एखादी आई हळूच बाजूला घेते आणि म्हणते, "वर्गातली बाकीची मुले कशी भरलेली दिसतात. आमचा नुसता काडी. एखादे टॉनिक सांगा ना." घरी आजी रोज बोलते. सुट्टीत नंदुरबार-धुळ्याकडे गावी गेले, की नातेवाईक विचारतात, "बारडोलीला काही खायला मिळत नाही का?" मूल बारीक असते, पण बोल लागतो तो आईला.

ही काळजी खोटी नाही. पण पुष्कळदा ती चुकीच्या मुलाविषयी असते. काही वर्षांपूर्वी हे मला एका पालकसभेतच शिकायला मिळाले. ती हकीकत आधी सांगते.

चौथीतल्या एका मुलाची आई अशीच काळजीत होती. तिच्या समाधानासाठी मी कपाटातली मागच्या तीन वर्षांची वर्गपत्रके काढली. पहिलीपासून त्याची उंची ११२, ११८, १२३.५ आणि १२९ सेंटिमीटर अशी वाढत गेली होती. वजन साडेसतरा किलोवरून २३ किलोवर आले होते. मुलगा बारीक होता, पण दरवर्षी नियमाने वाढत होता. काळजीचे काहीच कारण नव्हते.

पत्रक मिटता मिटता माझी नजर खालच्या एका मुलीच्या आकड्यांवर गेली. १११, ११६.५, ११९ आणि १२१. दोन वर्षांत फक्त साडेचार सेंटिमीटर! वजन मात्र १८ वरून २६ किलो झाले होते. तिच्याविषयी कोणीच कधी तक्रार केली नव्हती. गोल चेहऱ्याची, शांत, घरच्यांच्या मते "छान अंग धरलेली" मुलगी. आईला विचारले तेव्हा ती हसून म्हणाली, "हिचे बरे आहे बाई, तीन वर्षे एकच गणवेश चालला. कमरेला तेवढा सैल केला." मी तिला डॉक्टरांकडे जायला सांगितले. रक्ततपासणीत थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावल्याचे निघाले. रोज सकाळी अनशापोटी एक छोटी गोळी सुरू झाली आणि पुढच्या वर्षी तिचा गणवेश आखूड झाला. तेव्हा त्या माउलीला झालेला आनंद मी विसरलेले नाही. पण आकडे दोन वर्षे आमच्याच कपाटात पडून होते, ही रुखरुखही गेलेली नाही.

एक आकडा नव्हे, रेघ पाहावी

या दोन मुलांनी एक गोष्ट स्पष्ट केली. आजचे वजन किंवा आजची उंची एकटी फारसे काही सांगत नाही. मागच्या वर्षीपेक्षा किती फरक पडला, ते सांगते.

डॉक्टरांकडे वाढीचा आलेख असतो. बाळाच्या ममता कार्डातही तो आपण पाहिलेला आहे. त्यातल्या वाकड्या रेघांचा अर्थ सोपा आहे. एकाच वयाच्या शंभर निरोगी मुलांना प्रार्थनेच्या रांगेत उंचीप्रमाणे उभे केले, तर कोणी पहिला उभा राहील, कोणी पन्नासावा, कोणी नव्वदावा. पंचविसावा म्हणजे नापास आणि नव्वदावा म्हणजे हुशार असे नाही. सगळी निरोगीच मुले आहेत. मात्र जो मुलगा वर्षानुवर्षे पंचविसाव्या जागेजवळ आहे, तो हळूहळू पाचव्या जागेकडे सरकू लागला, तर कारण शोधले पाहिजे. तसेच तो एकदम नव्वदाव्या जागेकडे निघाला, तरी शोधले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतील सुमारे ८,५०० मुलांचा अभ्यास केला. भारतातील मुले दक्षिण दिल्लीतली होती. आईचे दूध आणि नीट काळजी मिाळली, तर पहिल्या पाच वर्षांत सर्व देशांतील मुले जवळजवळ सारखीच वाढतात, असे त्यात दिसले. त्यावरून २००६ साली पाच वर्षांखालील मुलांचे आलेख आले. त्यानुसार पाच वर्षांच्या मुलग्याची मधली उंची ११० सेंटिमीटर आहे. पण १०१ पासून ११९ पर्यंतची मुलेही सर्वसाधारण धरली जातात. म्हणजे शेजारच्या मुलापेक्षा आपला वीतभर बुटका असला, तरी दोघेही ठीक असू शकतात.

पाच ते अठरा वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये भारतीय मुलांचे नवे आलेख दिले. त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर प्रमुख होते. आपल्या मुलांसाठी डॉक्टरांना हेच आलेख मागावेत.

वाढ सगळ्या वयात सारखी नसते

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते. पाच महिन्यांच्या सुमारास जन्माच्या वजनाच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होते. पहिल्या वर्षी बाळ सहा-साडेसहा किलोंनी वाढते, दुसऱ्या वर्षी मात्र जेमतेम अडीच किलोंनी. वाढ मंदावली, की भूकही मंदावते. नेमके याच वेळी "बाळसे उतरले, जेवत नाही" म्हणून घरात धावपळ सुरू होते आणि मोबाईल दाखवून घास कोंबणे सुरू होते. हे करू नये. काय द्यायचे ते आईने ठरवावे, किती खायचे ते बाळाच्या पोटाला ठरवू द्यावे.

चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मुले दरवर्षी साधारण पाच ते सहा सेंटिमीटर उंच होतात आणि दोन ते तीन किलोंनी वाढतात. मग एकदम उसळी येते. मुलींना ती साधारण दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान येते, मुलांना त्यानंतर दोनेक वर्षांनी. म्हणून सहावी-सातवीच्या वर्गात मुली उंच दिसतात आणि नववी-दहावीत चित्र पालटते. मुलीची पाळी सुरू झाल्यावर उंची साधारण पाच ते सात सेंटिमीटरच वाढते, हेही ध्यानात ठेवावे.

आईवडिलांच्या उंचीचाही वाटा असतो. दोघांच्या उंचीची सरासरी काढून मुलगा असल्यास साडेसहा सेंटिमीटर मिळवावे, मुलगी असल्यास तेवढेच वजा करावे. वडील १६५ आणि आई १५२ असतील, तर मुलाची अपेक्षित उंची साधारण १६५ व मुलीची १५२. थोडे वरखाली होणारच. अशा घरातल्या मुलाला टॉनिक पाजून सहा फुटी करता येत नाही.

गुबगुबीत म्हणजे सुदृढ नव्हे

आपल्याकडे बारीक मुलाची काळजी होते, जाड मुलाचे कौतुक होते. याविषयी पुण्यात मोठे काम झाले आहे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर इंग्लंडच्या साउथॅम्प्टन शहरातील बाळांचे साडेतीन किलो. पण आपल्या बाळांत कमी होते ते मुख्यतः स्नायू आणि पोटातले अवयव. कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे बाळ दिसायला रोड, पण आतून चरबी धरून ठेवलेले.

डॉ. याज्ञिक यांनी स्वतःचेच उदाहरण २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दिले. ते आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचाही बीएमआय, म्हणजे वजनाचे उंचीशी प्रमाण, अगदी सारखे होते : २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली!

यावरून शिकायचे ते असे. आपल्या मुलांना नुसते वजन वाढवून उपयोग नाही. खेळ नाही, स्नायू नाहीत आणि केवळ चरबी चढली, तर पुढे मधुमेह व रक्तदाब लवकर गाठतात. म्हणूनच २०१५ च्या भारतीय आलेखात जादा वजनाची रेघ परदेशापेक्षा अलीकडे धरली आहे. प्रौढांच्या हिशेबात सांगायचे तर तिकडे २५ आणि ३०, आपल्याकडे २३ आणि २७.

घरी मोजायचे कसे

सहा महिन्यांतून एकदा पुरे. वाढदिवशी आणि दिवाळीला मोजायचे ठरवले, तर विसरायला होत नाही. दर आठवड्याला वजन करून मुलाला आणि स्वतःला त्रास देऊ नये.

उंचीसाठी अनवाणी, टाचा व पाठ भिंतीला टेकवून, समोर पाहत उभे करावे. मुलींचा अंबाडा किंवा वरची वेणी सोडावी. डोक्यावर पुस्तक काटकोनात ठेवून पेन्सिलीची खूण करावी. शक्यतो सकाळीच मोजावे, कारण संध्याकाळी उंची सेंटिमीटरभर कमी भरू शकते. वजन दर वेळी एकाच काट्यावर, कमी कपड्यांत करावे. आकडा तारखेसह वहीत लिहावा. "मोजले की दृष्ट लागते" असे काही घरांत मानतात. मोजल्याने काही होत नाही, न मोजल्याने आजार लपतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

* चार वर्षांनंतर एका वर्षात उंची चार-पाच सेंटिमीटरपेक्षा कमी वाढली, किंवा गणवेश दोन वर्षे आखूडच झाला नाही.
* वजन घटू लागले, किंवा कित्येक महिने जागचे हलले नाही.
* वजन भराभर वाढते आहे, पण उंची थांबली आहे.
* मुलीत आठ व मुलात नऊ वर्षांआधी वयात येण्याच्या खुणा दिसल्या, किंवा मुलीत तेरा व मुलात चौदा वर्षे पूर्ण होऊनही काहीच खूण नाही.
* चेहरा फिकट, लवकर दम लागणे, वारंवार सांधे दुखणे. दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा आजार आढळतो. रक्ताची तपासणी सोपी आहे.
* खूप तहान, वारंवार लघवी, रात्री अंथरूण ओले होणे आणि वजन उतरणे. हा लहानपणचा मधुमेह असू शकतो. यात उद्यावर ढकलू नये, त्याच दिवशी दाखवावे.

सरकारी व अनुदानित शाळांत २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तपासणी होते आणि २०१५ पासून जंतनाशक गोळीही दिली जाते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

डबा आणि ताट

महागड्या डब्यातल्या पावडरीत साखर बरीच असते. अशा पेयांना 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली दाखवू नये, असे केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना कळवले. त्या पैशांत घरात शेंगदाणे, गूळ, डाळी, अंडी, फळे येतात. आपली कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र, हे अन्न कोणत्याही पावडरीला भारी आहे. इथली नागली म्हणजे आपली नाचणी, तिची भाकरी किंवा पेज करावी. मोड आलेली मटकी, वरण-भात-लिंबू, मेथीची भाजी हे रोजचेच. खमण-पात्रा सणावारी जरूर खावे, पण रोजच्या डब्यात वेफर्सचे पाकीट नको. दूध दोन कप पुरे. दिवसभर दूध-बिस्किटेच चालली, तर जेवणाची भूक मरते आणि रक्त कमी होते. आणि मुलीच्या ताटात मुलाइतकेच वाढावे, हे वेगळे सांगावे लागू नये.

विद्यार्थ्यांनो, कोणाला 'काडी', 'जाड्या' म्हणू नका. प्रत्येकाची उसळी वेगळ्या वर्षी येते. तुमचे काम रोज तासभर घाम येईपर्यंत खेळणे आणि वेळेवर झोपणे.

विश्वस्त मंडळास विनंती : उंची-वजनाची पत्रके दरवर्षी वर्गाबरोबर कपाटात बंद होतात. बालमंदिरापासून दहावीपर्यंत मुलाबरोबर वर्गावर्गांतून पुढे जाणारे एक आरोग्यपत्रक छापावे आणि भिंतीवर पक्की उंचीपट्टी व एक चांगला वजनकाटा बसवावा. खर्च फार नाही. दुसऱ्या एखाद्या मुलीची दोन वर्षे तरी वाया जाणार नाहीत.

तोपर्यंत पालकांनी एवढेच करावे. या जूनमध्ये नवा गणवेश घेण्याआधी जुना एकदा मुलाच्या अंगावर चढवून पाहावा. तो आखूड झाला असेल, तर खर्चाची कुरकुर न करता आनंदाने नवा शिवावा.