पिन नंबर विसरा, व्होल्टेज मोजा: जुन्या कॉम्प्युटरचं सिरीयल पोर्ट कसं ओळखायचं?

(हे भागाचं लिखित रूप आहे. बोलताना अडखळलेलं गाळलंय. पिनांचे नंबर ऐकताना निसटतात, म्हणून इथे नीट लिहून दिलेत.)



मागच्या आठवड्यात एक व्हॉइस मेसेज आला. पाबळच्या जवळच्या एका गावातून. ऐकणारी मुलगी म्हणते, "आमचे आजोबा शाळेत मास्तर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी जुना कॉम्प्युटर घेतला आणि रोजचा पाऊस, विहिरीतल्या पाण्याची पातळी त्यात लिहायचे. आजोबा आता नाहीत. कॉम्प्युटर सुरू होतो, फाइली दिसतात. पण फ्लॉपी चालत नाही, यूएसबी नाहीच. मागे २५ पिनांचं एक पोर्ट आहे, त्यावर काहीच लिहिलेलं नाही. घरचे भंगारात द्यायचं म्हणतायत. काय करू?"

पाबळ हा शिरूर तालुक्यातला कोरडा भाग. तिथे एका माणसाने वर्षानुवर्षं रोज मोजलेला पाऊस म्हणजे काय चीज आहे, हे वेगळं सांगायला नको. कोणी म्हणेल, हार्ड डिस्क काढून अडॅप्टरला लाव. पण त्या काळातल्या कित्येक डिस्क आजच्या अडॅप्टरला बसतच नाहीत. मग बाहेर यायला एकच दार उरतं: सिरीयल पोर्ट. म्हणून आजचा भाग त्यावरच.

सिरीयल म्हणजे एका रांगेत

सिरीयल पोर्टमधून माहिती एकामागून एक, एका तारेवरून जाते. एसटीत चढताना रांग लावतो तशी. याचा सर्वात प्रसिद्ध नियम म्हणजे आरएस-२३२. १९६० साली अमेरिकेत ठरला, आणि त्याची 'सी' आवृत्ती १९६९ ची. म्हणजे मूळ नियम पीसी जन्मायच्या वीस वर्षं आधीचा. तो बनवला होता टर्मिनल आणि मोडेम यांना जोडण्यासाठी. ही गोष्ट लक्षात ठेवा, सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

१९८१ च्या आयबीएम पीसीने २५ पिनांचा कनेक्टर घेतला. १९८४ च्या पीसी एटीने तेच काम ९ पिनांत बसवलं. आता गंमत बघा:

- २५ पिनांत: पिन २ पाठवणारी, पिन ३ ऐकणारी, पिन ७ ग्राउंड.
- ९ पिनांत: पिन २ ऐकणारी, पिन ३ पाठवणारी, पिन ५ ग्राउंड.

दोन आणि तीन चक्क उलटे! बरं, हे झालं कॉम्प्युटरच्या बाजूने. मोडेमवर ज्या पिनेला 'पाठवणारी' असं नाव आहे, तिथे मोडेम प्रत्यक्षात ऐकत असतो. कारण नाव कॉम्प्युटरच्या नजरेतून दिलंय.

माहेर आणि सासर आठवा. घर एकच. नणंदेचं माहेर, भावजयीचं सासर. नुसतं घर दाखवून "हे माहेर आहे का?" विचारलं तर उत्तर नाही, कोणाचं ते सांगावं लागतं. पिनेच्या नावाचंही तसंच. म्हणून इंटरनेटवर एक तक्ता सापडला की लगेच डाग मारायला बसू नका. तो तक्ता कोणाच्या बाजूने लिहिलाय, हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं.

मग खरं कोण सांगणार? व्होल्टेज.

मूक पिना आणि बोलक्या पिना

आरएस-२३२ मध्ये 'एक' म्हणजे ऋण व्होल्टेज आणि 'शून्य' म्हणजे धन. पाठवणाऱ्याने ५ ते १५ व्होल्ट द्यायचे, ऐकणाऱ्याला ३ व्होल्टपर्यंत कमी झालेलंही कळलं पाहिजे. लाइन रिकामी असते, कोणी काही बोलत नसतं, तेव्हा पाठवणारी पिन 'एक' वर म्हणजे ऋण व्होल्टेजवर थांबलेली असते. जुन्या पीसीत साधारण उणे १० ते उणे १२.

आणि ऐकणारी पिन? ती स्वतः काही देत नाही. मीटर लावला तर शून्याच्या आसपास.

म्हणजे जी पिन गप्प बसूनही ऋण व्होल्टेज दाखवते, ती बोलणारी. तिच्यावर कुठलंही नाव असो.

मीटर घेऊन बसू या

लागेल काय? साधा डिजिटल मल्टिमीटर, कागद, पेन. मीटरची लाल वायर व्होल्टच्या भोकात हवी, अँपिअरच्या नको. पॉवर सप्लाय आणि मॉनिटर उघडायचा नाही. बंद असला तरी आत चार्ज राहतो, झटका जोरात बसतो.

पहिली पायरी: हे सिरीयलच आहे ना? जुन्या पीसीत २५ पिनांचं नर पोर्ट, म्हणजे पिना बाहेर आलेल्या, ते सिरीयल. २५ भोकांचं मादी पोर्ट बहुतेक प्रिंटरचं. पण हा पीसीचा नियम. जुन्या मॅकिंटॉशवर २५ भोकांचं पोर्ट डिस्कसाठी असायचं. अनोळखी मशीन असेल तर मोजल्याशिवाय विश्वास नाही.

दुसरी पायरी: ग्राउंड शोधा. मशीन बंद, प्लग भिंतीतून काढलेला. मीटर बीपवर ठेवा. एक टोक कॉम्प्युटरच्या पत्र्याला, दुसरं एकेका पिनेला. २५ पिनांत कधी दोन ठिकाणी बीप येईल, पिन १ आणि पिन ७. पिन १ ही नुसती पत्र्याची अर्थिंग. आपल्याला हवी ती सिग्नलची ग्राउंड, म्हणजे ७. खात्री करायची असेल तर पोर्टजवळच्या चिपा बघा. १४८८ आणि १४८९ या जोडीत पिन ७ ग्राउंड असते. मॅक्स२३२ असेल तर पिन १५.

या चिपा सापडल्या तर अर्धं काम झालं. १४८८ बोलणारी: तिच्या ३, ६, ८, ११ या पिनांतून सिग्नल बाहेर जातो. १४८९ ऐकणारी: १, ४, १०, १३ मधून आत येतो. तिथून पोर्टपर्यंत बीप लावत जा, कागदावर रेघा ओढत जा.

तिसरी पायरी: मशीन सुरू करा. मीटर डीसी २० व्होल्टवर. काळी वायर ग्राउंडला, लाल एकेका पिनेला. प्रत्येकीचा आकडा लिहा. शेजारच्या दोन पिना एकदम टेकवू नका.

२५ पिनांच्या पीसीवर बहुतेक तीन पिना ऋण दिसतील: २, ४ आणि २०. आता यांतली डेटाची कोणती? बाकीच्या दोन म्हणजे 'मी तयार आहे' आणि 'मला पाठवायचंय' असं सांगणाऱ्या. मशीनने पोर्ट वापरायला घेतलं की त्या दोघी धन होतात. डेटाची पिन ऋणच राहते.

चौथी पायरी: तिला बोलायला लावा. एका फाइलमध्ये इंग्रजी कॅपिटल 'यू' हे अक्षर पानभर लिहा आणि ती पोर्टवर पाठवा. 'यू' च का? कारण त्याचे आठ बिट एकाआड एक शून्य-एक असे आहेत. सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरला तरी ओळ मोडत नाही. सरासरी जवळजवळ शून्य. म्हणजे उणे ११ दाखवणारा मीटर एकदम शून्याकडे धावतो आणि फाइल संपली की परत उणे ११. ती पिन पक्की.

डॉसमध्ये इथे बरेच जण अडकतात. पाठवायला सांगितलं तरी मशीन एरर देऊन थांबतं. कारण ते समोरच्याच्या 'हो, पाठव' ची वाट बघतंय. उपाय सोपा: त्याचंच उत्तर त्याला परत द्या. २५ पिनांच्या प्लगवर ४ आणि ५ एकमेकांना जोडा, आणि ६, ८, २० तिघी एकत्र. ९ पिनांवर ७-८ आणि १-४-६.

आता फोन जोडा

यूएसबी ते आरएस-२३२ केबल, ओटीजी आणि फोनमध्ये सिरीयल टर्मिनल ॲप. केबलच्या टोकाला ९ पिना. फक्त दोन तारा लागतील:

- कॉम्प्युटरची २५ पैकी पिन २ → केबलची पिन २
- कॉम्प्युटरची पिन ७ → केबलची पिन ५

दोनला दोन? हो! वर सांगितलं ना, ९ पिनांत नंबर उलटे आहेत. सरळ दिसणारी ही जोडणी प्रत्यक्षात बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याशी जोडते. ९ ला ९ जोडायचं असेल तर मात्र २-३ फुली मारावी लागते.

दोन्हीकडे वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. वेग चुकला तर फोनवर चित्रविचित्र अक्षरं उमटतात. घाबरू नका, ती चांगली खूण आहे. तार बरोबर आहे, फक्त वेग बदला: ४८००, २४००, १२००.

किती वेळ लागेल? एका अक्षराला १० बिट, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. दहा वर्षांच्या रोजच्या नोंदी, ओळीला ३० अक्षरं धरली तर एक लाख दहा हजारांच्या आत. दोन मिनिटांत आख्खी दहा वर्षं फोनमध्ये! फक्त प्रत्येक फाइल दोनदा पाठवा आणि दोन्ही प्रती जुळवून बघा. या साध्या पद्धतीत चूक तपासायची सोय नसते.

जिथे हा नियम फसतो

सगळी जुनी मशीनं पीसी नव्हेत. १९८४ पासून आपल्या देशात शाळांसाठी 'क्लास' नावाचा सरकारी प्रकल्प सुरू झाला, त्यात ब्रिटिश बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर आले. त्यांचं सिरीयल पोर्ट पाच पिनांचं गोल, फाशावरच्या पाच ठिपक्यांसारखं. प्लग उलटाही बसतो! मधली पिन ग्राउंड, ती दोन्हीकडून तीच राहते, बाकीच्या मात्र बदलतात. अशा कनेक्टरवर वरची बाजू कोणती ते आधी खडूने लिहा.

कमोडोर ६४ च्या पोर्टवर तर ऋण व्होल्टेज नाहीच. तिथे शून्य आणि ५ व्होल्टचा खेळ, आणि रिकामी लाइन ५ व्होल्टवर थांबते. आजच्या आर्डुइनो, वायफाय राउटरच्या बोर्डवरही हीच भाषा, ५ किंवा ३.३ व्होल्टची. म्हणून नियम असा: गप्प असताना ऋण, तर आरएस-२३२ ची केबल. गप्प असताना ५ किंवा ३.३, तर टीटीएलवाली. टीटीएलची केबल उणे १२ व्होल्टला लावली की ती गेलीच म्हणून समजा, आणि सोबत फोनलाही धोका.

आणि हे पाबळमधूनच का

पाबळ म्हटलं की इतिहासवाल्यांना मस्तानीची समाधी आठवते. आम्हा खटपट करणाऱ्यांना आठवतो विज्ञान आश्रम. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून इथे आले आणि १९८३ मध्ये आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली पोरं इथे वेल्डिंग, वायरिंग, शेती, आरोग्य हातांनी करत शिकली. जमिनीत चार सळया ठोकायच्या, करंट सोडायचा, व्होल्टेज मोजायचं आणि खाली पाणी कुठे असेल त्याचा अंदाज बांधायचा, हेही इथे शिकवलं गेलं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब उभी राहिली, तीही पाबळलाच.

आत काय आहे दिसत नाही, नकाशा नाही, विचारायला माणूस नाही. तरी बाहेरून मोजून आतलं कळतं. विहिरीसाठी लागू पडतं तेच २५ पिनांच्या पोर्टालाही लागू पडतं. जुन्या मशीनची पुस्तकं हरवली, कंपन्या बंद झाल्या, पण पिनेवरचा उणे ११ व्होल्ट अजून तिथेच आहे.

एक शेवटचं काम. पिना सापडल्या की तक्ता कागदावर लिहा: पिनेचा नंबर, गप्प असतानाचं व्होल्टेज, पाठवतानाचं व्होल्टेज, आणि "कॉम्प्युटरच्या बाजूने" हे दोन शब्द. पारदर्शक चिकटपट्टीने तो मशीनच्याच पाठीवर लावा. फोनमधला फोटो हरवेल, कागद मशीनसोबत राहील.

तुमच्या घरात, शाळेत, ग्रामपंचायतीच्या माळ्यावर असं एखादं मशीन असेल तर भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी पाठीमागचा फोटो आणि मोजलेले आकडे आम्हाला पाठवा. पुढच्या भागात त्यांतली दोन-तीन पोर्टं घेऊन बसू. तोपर्यंत मीटरचा सेल तपासून ठेवा. भेटू!