रागसंगीत आणि अ‍ॅनालॉग सिंथेसायझर : अल्पखर्चिक परिवर्तक व फिल्टर यांचा विचार

प्रस्तावना

मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका 1982 मध्ये प्रसिद्ध झाली. भैरव, ललत, तोडी, मालकंस आदी दहा राग त्यांनी रोलँड कंपनीच्या ज्युपिटर-8, टीबी-303 व टीआर-808 या यंत्रांच्या साहाय्याने सादर केले होते. ध्वनिमुद्रिका त्या काळी दुर्लक्षित राहिली. 2010 मध्ये तिचे पुनःप्रकाशन झाल्यावर मात्र तिची जगभर चर्चा झाली. ती मूळ यंत्रे आज सामान्य महाविद्यालयीन विभागाच्या आवाक्यातील नाहीत. संगणक, मिडी कळफलक, स्वस्त परिवर्तक, एखादा अ‍ॅनालॉग ऑसिलेटर आणि फिल्टर एवढ्या साहित्यावर तसा प्रयोग करता येतो. मर्यादित निधी यांपैकी कोणत्या घटकावर अधिक खर्च करावा, या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

परिवर्तक

1983 मध्ये निश्चित झालेली मिडी ही अंकीय संकेतप्रणाली आहे. कोणती कळ दाबली, किती जोराने दाबली, एवढेच ती सांगते. अ‍ॅनालॉग ऑसिलेटरला केवळ विद्युतदाब कळतो. या दोहोंमधील दुभाषा म्हणजे परिवर्तक होय. प्रचलित पद्धतीत एका सप्तकास 1 व्होल्ट, म्हणजे एका अर्धस्वरास सुमारे 83.3 मिलिव्होल्ट, असे प्रमाण असते.

रागसंगीताची अडचण नेमकी येथे सुरू होते. समविभाजित सप्तकात शुद्ध गंधार षड्जापासून 400 सेंटवर असतो. तंबोऱ्याशी एकरूप होणारा गंधार सुमारे 386 सेंटवर असतो. हे 14 सेंटचे अंतर विद्युतदाबात जेमतेम 11.4 मिलिव्होल्ट भरते. 5 व्होल्टची कक्षा 256 पायऱ्यांत विभागणाऱ्या 8 बिटी परिवर्तकाची एक पायरीच 19.5 मिलिव्होल्टची, म्हणजे 23 सेंटहून मोठी असते. इष्ट गंधार तिच्या दोन पायऱ्यांमध्ये हरवू शकतो आणि मींड जिन्यावरून उतरल्यासारखी ऐकू येते. भैरवातील आंदोलित ऋषभाची तर गोष्टच नको. 12 बिटी परिवर्तकात हीच पायरी 1.22 मिलिव्होल्ट, म्हणजे दीड सेंटची होते. (ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, तेव्हा त्या वाद्याविरुद्धचे आक्षेपही असेच होते : स्वर स्थिर आणि मींड अशक्य.)

केवळ बिटांची संख्या पाहून भागत नाही. मिडीतील स्वर वाकविण्याचा संकेत 14 बिटी असून त्यात 16,384 स्थाने असतात. काही स्वस्त परिवर्तक त्यांतील फक्त वरचे 7 बिट वाचतात. मग 2 अर्धस्वर वर व 2 खाली अशी कक्षा 128 पायऱ्यांत विभागली जाते आणि प्रत्येक पायरी 3 सेंटांची होते. खरेदीपूर्वी माहितीपत्रकात हे पाहणे आवश्यक आहे. कॉर्ग एमएस-20 सारख्या यंत्रात विद्युतदाबाचे प्रमाणच निराळे असते : तेथे प्रत्येक सप्तकास दाब दुप्पट होतो आणि स्वर सुरू करण्याचा संकेतही उलट्या प्रकारचा असतो. अशा यंत्रास वरील पद्धतीचा साधा परिवर्तक जोडल्यास ते बेसूर वाजते.

तापमानाचा प्रश्न स्वतंत्र आहे. ऑसिलेटरमधील ट्रान्झिस्टरला तापमानभरपाईची जोड नसेल, तर त्याचे स्वरप्रमाण दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.33 टक्क्याने बदलते. कोल्हापुरात जुळविलेले वाद्य पन्हाळ्यावरील पावसाळी गारव्यात नेले आणि तापमान 5 अंशांनी उतरले, तर सप्तकाच्या अंतरात सुमारे 20 सेंटचा फरक पडतो. गंधाराचा वाद ज्या 14 सेंटांवर आहे, त्याहून हा फरक मोठा आहे. तंबोरा गडावर नेल्यास तोही पुन्हा जुळवावाच लागतो. पण त्याला खुंट्या असतात आणि वादकाची त्यास सवय असते.

फिल्टर

फिल्टर विशिष्ट मर्यादेवरील उपस्वर कमी करतो आणि अनुनाद वाढविल्यास त्या मर्यादेजवळील उपस्वर उठावदार करतो. मिरजेच्या तंबोऱ्यातील जवारीशी याचे नाते आहे. दोरा किंचित सरकविला की निरनिराळे उपस्वर उजळतात, तसेच मर्यादा सावकाश सरकविल्यास फिल्टरमध्ये होते. कर्णास ही सरक 10-20 सेंटांनी चुकलेली कळत नाही. म्हणूनच स्वस्त फिल्टर चालतो, परिवर्तक चालत नाही. अपवाद एकच : अनुनाद इतका वाढविला की फिल्टर स्वतःच स्वर निर्माण करू लागतो, तेव्हा त्यालाही सप्तकास 1 व्होल्टची अचूकता लागते.

एक व्यावहारिक बाब उरते. साध्या कळफलकाचा ध्वनिसंकेत मोड्युलर यंत्राच्या नेहमीच्या 10 व्होल्टच्या मानाने फार क्षीण असतो. त्यामुळे फिल्टरपूर्वी लहानसे वर्धक लावावे लागते.

जुळणी झाल्यावर यंत्र अर्धा तास चालू ठेवावे व नंतर तंबोऱ्याबरोबर मध्य आणि तार षड्ज लावून पाहावेत. मध्य षड्ज मिळूनही तार षड्जावर स्पंद ऐकू आले, तर दोष सप्तकप्रमाणात आहे. फिल्टरची बटणे फिरवून तो जाणार नाही.