रॉकबॉक्स आणि ‘स्टार्टअप स्क्रिप्ट’चे गैरसमज

जुन्या म्युझिक प्लेअरवर रॉकबॉक्स टाकणाऱ्या अनेकांना वाटतं, की हे म्हणजे छोटं लिनक्सच. तेव्हा सुरू होताना एखादी स्क्रिप्ट चालत असणार, ती सुधारली की झालं. तसं नाही. 2001 च्या अखेरीस आर्कोसच्या प्लेअरसाठी सुरू झालेल्या या मुक्तस्रोत फर्मवेअरला स्वतःचा कर्नल आहे. आयपॉड व्हिडिओ किंवा सॅन्सा क्लिप प्लसवर शेलच नाही, मग शेल स्क्रिप्ट कुठून असणार? तिथे बूटलोडर ‘.रॉकबॉक्स’ फोल्डरमधली मुख्य फाइल थेट मेमरीत घेऊन चालवतो. स्क्रिप्टचा प्रश्न येतो तो एजीपीटेक रॉकरसारख्या मोजक्या प्लेअरवर. त्यांत खाली कंपनीचं लिनक्स असतं आणि रॉकबॉक्स त्यावर अ‍ॅप म्हणून चालतं.

अशा प्लेअरला मेमरी कार्ड सापडेना, की स्क्रिप्टमध्ये ‘स्लीप 5’ घालायचा, हा उपाय फार लोकप्रिय आहे. माझ्या मते तो उपायच नव्हे. कार्ड लवकर तयार झालं तरी दरवेळी पाच सेकंद फुकट जातात, आणि कार्ड संथ असेल तर पाचही पुरत नाहीत. त्याऐवजी कार्डाची डिव्हाइस फाइल आली का, हे लूपमध्ये थोड्या थोड्या वेळाने तपासावं; पण त्यालाही दहा सेकंदांसारखी मर्यादा हवी. मग कार्ड माउंट करायचं, रॉकबॉक्सची फाइल जागेवर आहे का पाहायचं आणि नसेल तर कंपनीचा मूळ प्लेअर सुरू करायचा. हा ‘नाहीतर’चा भाग स्क्रिप्टमध्ये सर्वांत मोलाचा आहे. तो नसला, तर नुसतं कार्ड काढल्यानेही प्लेअर अडकून पडू शकतो.

‘साधी टेक्स्ट फाइल तर आहे, विंडोजच्या नोटपॅडमध्ये नव्याने लिहिली तर काय बिघडतं?’ बिघडतं. नोटपॅड नव्या फाइलच्या प्रत्येक ओळीअखेर एक जादा अदृश्य चिन्ह ठेवतं. पहिल्या ओळीतल्या शेलच्या नावाला ते चिकटलं, की लिनक्स त्या भलत्याच नावाचा शेल शोधतं आणि स्क्रिप्ट चालतच नाही. ओळीअखेर युनिक्स पद्धतीची ठेवणारा एडिटर वापरावा.

दरवेळी ठरावीक आवाजाने सुरुवात व्हावी, एवढ्यासाठी स्क्रिप्टला हात लावायची गरज नाही. ‘.रॉकबॉक्स’मध्ये ‘फिक्स्ड.सीएफजी’ नावाची फाइल करून त्यात सेटिंगचं नाव, अपूर्णविराम (:) आणि किंमत लिहिली, की सुरू होताना तीच लागू होते. रॉकबॉक्स स्वतः ही फाइल बदलत नाही. पहिला स्क्रीन कोणता दिसावा, हे तर मेनूतूनच ठरवता येतं.

प्लेअर मंद वाटला तरी आधी स्क्रिप्टला दोष देऊ नका. गाण्यांचा डेटाबेस आपोआप अद्ययावत करण्याचं सेटिंग बंद करून फरक पडतो का, ते पाहा. आणि स्क्रिप्ट बदलायचीच असेल, तर कंपनीच्या मूळ फर्मवेअरची फाइल आधी संगणकावर उतरवून ठेवा व बॅटरी पूर्ण चार्ज करा.